प्राप्तिकराचा परतावा : विनंतीपासून हक्कापर्यंत

करांच्या इतिहासाचा अभ्यास आपल्याकडे बहुधा दरांच्या आणि वसुलीच्या अंगाने झालेला आहे. कर कोणी बसविला, किती बसविला, त्यामुळे तिजोरीत किती भर पडली आणि लोकांनी त्यास विरोध कसा केला, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे लक्ष सहज जाते. परंतु एकदा तिजोरीत गेलेला पैसा देणे नव्हताच असे ठरल्यावर तो परत कसा येतो, हा विषय मात्र वकील आणि हिशेबतपासनीस यांच्याकडे सोडून देण्यात आला आहे. वस्तुतः राज्यसंस्था आणि नागरिक यांच्यातील नाते पारखण्यास यासारखी दुसरी कसोटी क्वचितच सापडेल. कर देताना नागरिक ऋणको असतो आणि सरकार धनको. कर जादा दिला गेला की ही नाती उलट होतात. मग धनको झालेल्या नागरिकास सरकार कोणत्या अटींवर त्याचे पैसे परत देते, हे पाहणे उद्बोधक ठरते.

परताव्याच्या कायद्यापुढे आरंभापासून तीन प्रश्न उभे आहेत. कर जादा घेतला गेला हे दाखवून देण्याचा भार कोणावर? त्यासाठी मुदत किती? आणि मधल्या काळात दुसऱ्याचा पैसा वापरल्याबद्दल सरकारने काही द्यावयाचे की नाही? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे भारतात सुमारे दीडशे वर्षांत कशी पालटत गेली, आणि कोठे मुळीच पालटली नाहीत, एवढे दाखविणे हाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

१

जादा कर घेतला जाणे ही केवळ चुकीची गोष्ट नव्हे. ती वसुलीच्या एका विशिष्ट पद्धतीची अटळ परिणती आहे. इंग्लंडात १७९९ साली पिटने बसविलेला प्राप्तिकर करदात्याच्या स्वतःच्या कथनावर अवलंबून होता. १८०३ साली ॲडिंग्टनने कराची वर्गवारी केली आणि शक्य तेथे उत्पन्नाच्या उगमापाशीच कर कापून घेण्याची रीत सुरू केली. पिटचा कर शेकडा १० होता, ॲडिंग्टनचा शेकडा ५. तरीही दर निम्मा करून वसुली जवळजवळ पूर्वीइतकीच झाली. उगमापाशी कपात करण्याचे सामर्थ्य या एका गोष्टीवरून ध्यानात येते.

मात्र या सामर्थ्याची किंमत कोणीतरी चुकती करावयाची असते. व्याज किंवा भाडे देणाऱ्यास घेणाऱ्याचे एकूण उत्पन्न ठाऊक नसते. तो सर्वांकडून सारख्याच दराने कापतो. ज्याचे उत्पन्न मोठे आहे त्याचा हिशेब बरोबर जुळतो. ज्याचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत आहे, त्याच्याकडून जो कर देय नव्हताच तो घेतला जातो. इंग्लंडात त्या वेळी ६० पौंडांच्या आतील उत्पन्नास सूट होती. परंतु ज्याचा कर आधीच कापला गेला, त्याने ती सूट मागून मिळवावयाची असे. याचा अर्थ असा की, परताव्याचा प्रश्न हा प्रथमपासून मुख्यत्वे लहान उत्पन्नाच्या माणसाचा प्रश्न आहे. पुढील सर्व इतिहास वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे.

२

भारतात १८५७ च्या उठावानंतर खालावलेली आर्थिक स्थिती सावरण्यासाठी जेम्स विल्सन याने प्राप्तिकराची योजना मांडली. त्या कायद्यास २४ जुलै १८६० रोजी संमती मिळाली, आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, ११ ऑगस्ट रोजी, विल्सन कलकत्त्यास मरण पावला. २०० ते ५०० रुपयांच्या वार्षिक उत्पन्नावर शेकडा २ आणि त्यावरील उत्पन्नावर शेकडा ४ असा हा कर होता. १८६२ साली ५०० रुपयांच्या आतील उत्पन्नावरील कर उठविण्यात आला. या कराला विरोध केल्यामुळे मद्रासच्या गव्हर्नरपदावरून परत बोलाविला गेलेला सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन पुढे अर्थसदस्य होऊन आला, आणि त्याच्याच कारकीर्दीत, १८६५ साली, कराची मुदत संपू देण्यात आली.

त्यानंतर परवाना-कर, दाखला-कर आणि पुन्हा प्राप्तिकर अशी वळणे घेत १८८६ चा दुसरा अधिनियम आला. भारतीय प्राप्तिकराला स्थैर्य प्राप्त झाले ते या अधिनियमाने. त्याने शेतीचे उत्पन्न वगळले आणि उरलेल्या उत्पन्नाचे पगार व निवृत्तिवेतन, कंपन्यांचा नफा, रोख्यांवरील व्याज आणि इतर मार्ग असे चार भाग केले. यांपैकी तिसरा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. रोख्यांवरील व्याजातून रुपयास ५ पै या दराने कर कापावयाचा होता. आपले सर्व मार्गांचे मिळून वार्षिक उत्पन्न ५०० रुपयांच्या आत आहे, असा कलेक्टरच्या सहीचा दाखला रोखेधारकाने हजर केला तर कपात होत नसे; उत्पन्न २,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला असेल तर कपात रुपयास ४ पै या दराने होई.

या तरतुदीचा व्यवहारातील अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या विधवेचा निर्वाह सरकारी रोख्यांच्या वार्षिक ४०० रुपये व्याजावर चालतो असे समजू. कायद्याप्रमाणे तिच्यावर कर नाही. परंतु दाखला नसेल तर ४०० रुपयांवर रुपयास ५ पै या हिशेबाने २,००० पै, म्हणजे १० रुपये ६ आणे ८ पै, तिच्या व्याजातून जातील. ती वाचविण्यासाठी तिने कलेक्टर कचेरीपर्यंत जावयाचे, आपल्या गरिबीचा पुरावा द्यावयाचा आणि सहीचा कागद मिळवावयाचा. ज्याच्यावर कर आहे त्यास काहीच करावे लागत नाही; ज्याच्यावर कर नाही त्यानेच खटपट करावयाची. सूट कायद्याने दिलेली होती. पण ती प्रत्यक्षात मिळणे दाखल्यावर अवलंबून होते.

हा दाखला पुढे निराळ्या नावांनी टिकून राहिला. १९६७ साली बँकांच्या ठेवींसारख्या व्याजावर उगमापाशी कपात सुरू झाली आणि १९८२ साली १९६१ च्या अधिनियमात ‘१९७ अ’ हे कलम आले. बँकेत दरवर्षी भरून द्यावयाचे ‘१५ जी’ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचे ‘१५ एच’ हे नमुने त्यातूनच निघाले. कलेक्टरच्या सहीची जागा करदात्याच्या स्वतःच्या कथनाने घेतली, ही सुधारणा लहान नव्हे. परंतु कागद वेळेवर न दिल्यास कर कापला जावयाचा आणि मग तो मागत बसावयाचे, हा १८८६ चा क्रम कायम राहिला.

३

१९१८ च्या अधिनियमाने सर्व मार्गांचे उत्पन्न एकत्र करून त्यावर दर ठरविण्याची रीत आणली. त्याबरोबर ‘मेळ’ घालण्याची एक अवघड पद्धतही आली. कर चालू वर्षाच्या उत्पन्नावर. परंतु ते ठाऊक नसल्यामुळे आकारणी मागील वर्षाच्या आकड्यावर तात्पुरती करावयाची, आणि खरे उत्पन्न कळल्यावर पुढील वर्षी कमीजास्त दुरुस्त करावयाचे. यामुळे प्रत्येक करदाता एकाच वेळी सरकारचा ऋणको किंवा धनको बनून राही. १९२१ च्या अखिल भारतीय प्राप्तिकर समितीच्या शिफारशीवरून ही पद्धत बंद झाली आणि १९२२ च्या अधिनियमाने मागील वर्षाचे उत्पन्न हाच कराचा पाया ठरविला.

परताव्याला कायद्यात स्वतंत्र प्रकरण मिळाले ते या १९२२ च्या अधिनियमात. त्याच्या ४८ व्या कलमाचा रोख मुख्यतः तीन प्रकारच्या लोकांकडे होता : कंपनीचा भागधारक, नोंदणीकृत पेढीचा भागीदार, आणि ज्याच्या पगारातून वा रोख्यांच्या व्याजातून कर कापला गेला आहे असा मनुष्य. यांतील भागधारकाची स्थिती विशेष होती. कंपनी आपल्या नफ्यावर जो कर देई तो भागधारकाच्या वतीने दिला असे कायदा समजत असे. कंपनीचा दर उंच आणि भागधारकाचा वैयक्तिक दर कमी असला, तर फरक परत मागण्याचा अधिकार भागधारकास होता. मात्र मागणी करण्यास ५० व्या कलमाने एकाच वर्षाची मुदत ठेविली होती. भागधारकांच्या परताव्याची ही व्यवस्था १९५९ च्या वित्त अधिनियमाने संपुष्टात आणली.

१९३६ च्या प्राप्तिकर चौकशी अहवालानंतर झालेल्या १९३९ च्या दुरुस्तीने ४८ व्या कलमाचे स्वरूप पालटले. विशिष्ट वर्गांची यादी मागे पडली आणि एक व्यापक तत्त्व पुढे आले : एखाद्या वर्षाकरिता करदात्याने दिलेला किंवा त्याच्या वतीने दिला गेलेला कर योग्य रकमेपेक्षा अधिक आहे, अशी प्राप्तिकर अधिकाऱ्याची खात्री पटविल्यास जादा रकमेच्या परताव्याचा त्यास हक्क आहे. मुदतही चार वर्षांपर्यंत वाढली. ‘हक्क’ हा शब्द आला खरा. परंतु ‘खात्री पटविल्यास’ ही अट त्याच्या आधीच उभी होती. शिवाय एकदा पूर्ण झालेले करनिर्धारण चुकीचे होते, असे परताव्याच्या अर्जात म्हणता येत नसे. तसेच परत द्यावयाची रक्कम करदात्याकडील जुन्या थकबाकीत वळती करून घेण्याचा अधिकारही सरकारने आपल्याकडे घेतला.

४

हा हक्क खरोखर किती मजबूत होता, याची परीक्षा न्यायालयांत झाली. १८७२ च्या करार अधिनियमाचे ७२ वे कलम सांगते की, चुकीने किंवा सक्तीमुळे ज्यास पैसे दिले गेले त्याने ते परत केले पाहिजेत. मग सरकारला चुकीने दिलेला कर या कलमाखाली दावा लावून का मागता येऊ नये? प्राप्तिकरापुरते याचे उत्तर प्रिव्ही कौन्सिलने १९४७ साली रॅले इन्व्हेस्टमेंट कंपनीच्या दाव्यात दिले. ज्या तरतुदीखाली कर आकारला गेला तीच कायदेमंडळाच्या अधिकाराबाहेरची आहे, असे म्हणून कंपनीने भरलेला कर परत मागितला होता. १९२२ च्या अधिनियमाचे ६७ वे कलम करनिर्धारण रद्द करविण्यासाठी दिवाणी दावा करण्यास मनाई करते. म्हणून अधिनियमाने आखून दिलेल्या वाटेनेच गेले पाहिजे, असा निर्णय झाला. सारांश, सामान्य ऋणकोविरुद्ध धनकोस जी दिवाणी न्यायालयाची वाट मोकळी असते, ती प्राप्तिकराच्या धनकोस बंद झाली.

स्वातंत्र्योत्तर काळात विचाराची दिशा हळूहळू बदलली. संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदाने कायद्याच्या आधारावाचून कर बसविण्यास वा वसूल करण्यास मनाई केली. बनारसच्या विक्रीकर प्रकरणात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याविषयीच्या गैरसमजुतीने दिलेला करही ७२ व्या कलमाखाली परत करावा लागेल असे ठरविले. तो निर्णय विक्रीकराचा होता, प्राप्तिकराचा नव्हे. तरी सरकार हेही एक ऋणको होऊ शकते, हे तत्त्व त्याने ठसविले.

त्याहून अधिक दूरगामी असा एक दस्तऐवज न्यायालयातून नव्हे, तर खुद्द खात्याकडूनच निघाला होता. ११ एप्रिल १९५५ च्या १४ क्रमांकाच्या परिपत्रकात केंद्रीय महसूल मंडळाने अधिकाऱ्यांस बजाविले की, करदात्याच्या अज्ञानाचा लाभ खात्याने घेऊ नये. सवलती व परतावे मागण्याची जबाबदारी करदात्याची असली, तरी ज्या सवलतीस तो उघडपणे पात्र आहे ती त्याने मागितली नसल्यास अधिकाऱ्यानेच त्याचे लक्ष तिकडे वेधावे. पुढील अनेक निवाड्यांत या परिपत्रकाचा आधार घेण्यात आला. पहिल्या प्रश्नाचा भार काही अंशी तरी सरकारकडे सरकला तो येथे.

५

१९६१ च्या अधिनियमाने २३७ ते २४५ ही कलमे परताव्यास दिली. त्यांत जुना सांगाडा बराचसा कायम होता. परंतु दोन गोष्टी नव्या होत्या. अपिलात कर कमी झाला तर करदात्याने वेगळी मागणी न करताच परतावा दिला पाहिजे, असे २४० व्या कलमाने सांगितले. आणि परताव्यास ठराविक काळापेक्षा अधिक विलंब लागल्यास सरकारने व्याज द्यावे, हा नियम २४३ व २४४ या कलमांनी घातला. १९२२ च्या अधिनियमाखाली उच्च न्यायालयाकडील संदर्भात कर कमी झाला तरी व्याज मिळे ते आयुक्त देतील तितकेच. आता व्याज हे मर्जीचे देणे न राहता कायद्याचे देणे झाले. १ एप्रिल १९८९ पासून ‘२४४ अ’ हे एकच व्यापक कलम या दोहोंच्या जागी आले.

येथे एक तुलना नोंदविण्याजोगी आहे. १९४४ साली आगाऊ कराची पद्धत सुरू झाली तेव्हा आगाऊ भरलेल्या रकमेवर सरकार आरंभी दरसाल शेकडा २ व्याज देत असे. करदात्याने कमी भरल्यास त्याच्याकडून मात्र शेकडा ६ घेतले जाई. ८ सप्टेंबर २००३ पासून १९६१ च्या अधिनियमाखाली परताव्यावरील व्याज दरमहा अर्धा टक्का आणि करदात्याकडून घ्यावयाचे व्याज दरमहा एक टक्का असे ठरले. म्हणजे तिपटीचे अंतर दुपटीवर आले. एवढीच सहा दशकांची प्रगती. त्यातही परताव्याची रक्कम निर्धारित कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल, तर कापलेल्या वा आगाऊ भरलेल्या करावरील व्याज मिळत नसे.

तिसऱ्या प्रश्नाची तात्त्विक चर्चा पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीच्या प्रकरणात झाली. कंपनीचे पैसे आणि त्यावरील व्याज बारा ते सतरा वर्षे अडकून राहिले होते. व्याज देण्यास जो विलंब झाला त्याची भरपाई मिळावी, ही मागणी मुंबई उच्च न्यायालयाने अमान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी २००६ रोजी ती मान्य करून दरसाल शेकडा ९ प्रमाणे रक्कम देवविली. या निर्णयाचा अर्थ व्याजावर सरसकट व्याज असा लावला जाऊ लागला, तेव्हा २०१३ साली गुजरात फ्लुओरो केमिकल्सच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, सँडविकचा आदेश त्या प्रकरणातील अक्षम्य विलंबापुरता होता. एरव्ही अधिनियमात सांगितलेलेच व्याज मिळेल. पुढच्याच वर्षी टाटा केमिकल्सच्या प्रकरणात न्यायालयाने उगमापाशी कापून भरलेल्या जादा करावरही व्याज देवविले. अधिकाराशिवाय हाती आलेला पैसा वापरणाऱ्याने तो व्याजासह परत करावा, आणि हा न्याय सरकारलाही लागू आहे, हे या निकालाचे सार होय.

६

कागदाच्या जागी यंत्र आल्यावर जुना प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. २००९ साली बंगळूर येथे विवरणपत्रांवर मध्यवर्ती प्रक्रिया करणारे केंद्र उभे राहिले. परतावे पूर्वीपेक्षा पुष्कळ लवकर मिळू लागले, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याबरोबरच निरनिराळ्या कचेऱ्यांतील जुन्या, कित्येकदा चुकीच्या, थकबाक्यांची नोंद यंत्रात झाली आणि करदात्यांस पूर्वसूचना न देता त्या परताव्यांतून वळत्या होऊ लागल्या. एका सनदी लेखापालाच्या पत्राची दखल घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाने १४ मार्च २०१३ रोजी निर्णय दिला की, २४५ व्या कलमाप्रमाणे आधी लेखी सूचना देऊन करदात्याचे म्हणणे विचारात घेतल्यावाचून परतावा वळता करता येणार नाही. आणि कर कापणाऱ्याने तपशील नीट भरला नाही म्हणून ज्याचा कर प्रत्यक्ष कापला गेला त्याचे नुकसान होऊ नये. वळतीचा अधिकार १९३९ चा. त्यापूर्वी विचारणा करण्याची सक्ती प्रत्यक्षात आणावयास इतकी वर्षे लागली.

मुदतीच्या प्रश्नाचा शेवटचा अंक अगदी अलीकडचा आहे. १९६१ च्या अधिनियमात आरंभी असलेली चार वर्षांची मुदत पुढे कमी होत गेली. १ सप्टेंबर २०१९ पासून परताव्याचा वेगळा अर्ज रद्द होऊन विवरणपत्र हीच मागणी ठरली. उशीर क्षमापित करण्याची मंडळाच्या हाती असलेली सवड २०१५ च्या परिपत्रकाने सहा वर्षांपर्यंत होती, ती २०२४ च्या परिपत्रकाने पाच वर्षांवर आणली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेल्या नव्या प्राप्तिकर विधेयकात तर विवरणपत्र नियत तारखेच्या आत भरले नसल्यास परतावाच मिळू नये अशी तरतूद होती. ज्याचे उत्पन्न करपात्र नाही, परंतु ज्याचा कर कापला गेला आहे, त्याच्यावर हा घाव सर्वांत आधी पडला असता. लोकसभेच्या निवड समितीने ती वगळण्याची शिफारस जुलै २०२५ मध्ये केली. ऑगस्टमध्ये संमत झालेल्या, आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरलेल्या, अधिनियमातून ती गेली.

७

वरील विवेचनावरून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा. परताव्याचा हक्क हा सरकारच्या उदारतेतून उत्पन्न झालेला नाही. उगमापाशी कपात करण्याची सोय सरकारने आपल्याकडे घेतली आणि त्या सोयीचे नैतिक प्रत्यंतर म्हणून परतावा मान्य करणे त्यास भाग पडले. तिन्ही प्रश्नांपैकी व्याजाच्या प्रश्नाने बरीच मजल मारली आहे, पण समतेपर्यंत नाही. मुदतीचा प्रश्न पुढे गेला, मागे आला, आणि २०२५ साली संपूर्ण निसटता निसटता वाचला. दाखवून देण्याचा भार मात्र आजही बव्हंशी त्याच्याच माथी आहे, ज्याच्यावर मुळात कर नव्हता.

पुढील संशोधनास येथे वाव आहे. कलेक्टर कचेऱ्यांच्या जुन्या दप्तरांत १८८६ नंतरचे दाखल्यांचे अर्ज जेथे जेथे शिल्लक असतील, तेथे एका वेगळ्याच समाजाचे दर्शन घडण्याचा संभव आहे. करदात्यांच्या याद्यांत श्रीमंतांची नावे सापडतात. दाखला मागणाऱ्यांच्या अर्जांत व्याजावर, लहान निवृत्तिवेतनावर जगणारी माणसे सापडतील. प्राप्तिकराचा सामाजिक इतिहास लिहावयाचा झाल्यास तो या दुसऱ्या कागदांशिवाय पुरा होणार नाही.